मदत हवी आहे : ब्रिटिश पंकमधील बेस गिटार कशी ऐकावी?

नमस्कार,

माझा भाचा पुण्यात महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. त्याच्या मित्रांनी १९७६ ते १९७९ या काळातील ब्रिटिश पंक (वेगवान, उग्र रॉक) गाणी बसवायला घेतली. दोन गिटारवाले आणि ड्रमवाला आधीच ठरलेले होते, त्यामुळे सर्वांत शेवटी आलेल्या ह्याच्या गळ्यात बेस गिटार (खालच्या स्वरांची गिटार) पडली. मागच्या महिन्यात तो मला म्हणाला, "मामा, मी मध्येच वाजवायचं थांबलो तरी कुणाला कळत नाही." त्याची समजूत घालावी म्हणून मी ती मूळ गाणी मुद्दाम ऐकायला बसलो आणि माझ्या लक्षात आले की कित्येक गाण्यांत मलाही बेस कुठे आहे ते सांगता येत नाही. मी बारा वर्षे तबला शिकलो आहे, त्यामुळे कान अगदीच कच्चा नसावा असा माझा समज होता.

आतापर्यंत काय ऐकले ते सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना माझी अडचण नेमकी कळेल.

स्ट्रँगलर्स या गटाच्या बाबतीत काहीच त्रास झाला नाही. 'पीचेस' हे १९७७ सालचे गाणे बेसनेच सुरू होते आणि जाँ-जाक बर्नेल याच्या बेसचा तो खरखरीत, गुरगुरणारा आवाज शेवटपर्यंत इतका पुढे असतो की गिटारच साथीला बसल्यासारखी वाटते. जॅम या गटाच्या १९७८ मधल्या 'डाउन इन द ट्यूब स्टेशन ॲट मिडनाइट' मध्ये ब्रूस फॉक्सटनची बेस भुयारी रेल्वेच्या स्थानकातल्या त्या भेदरलेल्या माणसासोबत धावत राहते, तीही मला स्पष्ट ऐकू आली. क्लॅश या गटाच्या 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' मधील पॉल सिमोननची बेस तर दोनदा ऐकून गुणगुणता येऊ लागली. हे गाणे त्याने स्वतः लिहिले आणि स्वतःच गायले, हे नंतर कळले. ह्याच बेसच्या चालीवर उभे राहिलेले बीट्स इंटरनॅशनलचे गाणे १९९० मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा चालीतच काही दम असणार.

अडचण येते ती सेक्स पिस्टल्स या गटापाशी. 'नेव्हर माइंड द बोलॉक्स' ही १९७७ ची तबकडी मी दोन आठवडे रोज ऐकली. गिटारांची भिंत ऐकू येते, ड्रम ऐकू येतात, गायक जॉनी रॉटन तर कानात शिरूनच बसतो. बेस मात्र मला वेगळी काढता येत नाही. भाच्याच्या गटाने बसवायला घेतलेल्या सहा गाण्यांपैकी चार याच तबकडीतली आहेत.

सिमोननविषयी वाचताना एक गोष्ट जवळची वाटली. तो चित्रकलेचा विद्यार्थी. क्लॅशचा गिटारवादक मिक जोन्स याने त्याला आधी गिटार शिकवून पाहिली, ती जमेना म्हणून बेस हाती दिली, आणि सुरुवातीला कोणता स्वर कुठे आहे हे कळावे म्हणून सिमोननने बेसच्या दांडीवर स्वरांची अक्षरे रंगवून ठेवली होती. म्हणजे बेस गळ्यात पडलेला माझा भाचा काही पहिलाच नाही. (रॉक संगीतातले बेस गिटारचे बहुधा सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र सिमोननचेच आहे आणि त्यात तो ती रंगमंचावर आपटून फोडतो आहे, ही गोष्ट मी भाच्याला मुद्दामच सांगितलेली नाही.)

माझे प्रश्न असे. पिस्टल्सच्या तबकडीत बेस ऐकू न येणे हा माझ्या कानाचा दोष आहे, की तिथे ऐकण्यासारखे वेगळे काही नाहीच? आणि ज्याला ती आपोआप ऐकू येत नाही, त्याने ऐकण्याची सुरुवात नेमकी कुठून करावी? "छान संगीत आहे, मनापासून ऐका" अशा स्वरूपाचे उत्तर कृपया देऊ नये. तो प्रयत्न करून झाला आहे.

प्रतिसाद

आपला कान शाबूत आहे. सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारतो : आपण हे सर्व कशावर ऐकता? बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो, म्हणजे गिटारच्या सर्वांत खालच्या स्वरापेक्षा बरोबर एक सप्तक खाली. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला इतका खर्ज काढताच येत नाही. तिथे आपल्याला ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे उपस्वर. बर्नेल आपला ॲम्प्लिफायर इतका ताणून वाजवत असे की आवाज फाटून उपस्वरांची रेलचेल होई, आणि म्हणूनच त्याची बेस मोबाइलवरही लपत नाही. तेव्हा आधी चांगला हेडफोन घ्यावा.

आता पिस्टल्सविषयी. त्या तबकडीवरची बहुतेक बेस ही गिटारवादक स्टीव्ह जोन्स यानेच वाजवलेली आहे. मूळचा बेसवादक ग्लेन मॅटलॉक १९७७ च्या फेब्रुवारीत बाहेर पडला आणि त्याच्या जागी आलेल्या सिड व्हिशसला वाद्य जेमतेमच येत होते. जोन्सने काय केले, तर गिटारवर जो कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) असेल त्याचाच मूळ स्वर खाली बेसवर धरला. एकाच माणसाचा हात, एकच झोक, एकच वजन. मग दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले तर नवल नाही. आपण जिला गिटारांची भिंत म्हणता, तिचा पाया आपण दोन आठवडे ऐकतच होता, फक्त तो वेगळा करून पाहत नव्हता.

त्याच तबकडीवर 'ॲनार्की इन द यूके' मात्र १९७६ च्या नोव्हेंबरमधल्या रेकॉर्डवरून घेतलेले आहे, आणि तिथे बेस मॅटलॉकची आहे. ते आणि त्याच्या आधीचे कोणतेही एक गाणे लागोपाठ ऐकावे. मॅटलॉक एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना मधल्या स्वरांची पायरी घेत जातो, तर जोन्स थेट उडी मारतो. हा फरक एकदा कानाला सापडला की पुढचे काम पुष्कळ हलके होते. माझ्या मते मॅटलॉक राहिला असता तर तबकडी अधिक सुरेल झाली असती आणि कदाचित इतकी धडकी भरवणारी झाली नसती, पण ह्यावर इथे वाद होऊ शकतो.

आपण तबला शिकला आहात म्हणून सांगतो : बेस शोधताना गिटारकडे कान लावू नका, पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमकडे लावा. त्याचा ठोका ही चाट नसलेल्या डग्ग्याची घुमक समजा, आणि त्या घुमकेला जो स्वर चिकटलेला ऐकू येईल ती बेस.

'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' आपल्याला लगेच ऐकू आले ह्याचे कारण वेगळे आहे. ती चाल जमैकाच्या रेगे संगीतातून आलेली आहे. रेगेमध्ये गिटार दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत नुसती चिमटा काढून जाते आणि गाण्याची चाल बेसकडे असते. लंडनच्या रॉक्सी क्लबात डॉन लेट्स पंक गटांच्या मधल्या वेळात रेगेच्या तबकड्या लावत असे, कारण तेव्हा पंकच्या तबकड्याच फारशा निघालेल्या नव्हत्या. सिमोनन तर लहानपणापासून ब्रिक्स्टन आणि नॉटिंग हिल भागांत हे संगीत ऐकतच वाढला होता. क्लॅशच्या १९७७ च्या पहिल्या तबकडीवर ज्युनियर मर्विनचे 'पोलिस अँड थीव्हज' हे गाणे सहा मिनिटे चालते. त्यात बेस कुठे वाजते ह्यापेक्षा ती कुठे थांबते ते मोजून पाहावे. पुढे रॉटनने काढलेल्या पब्लिक इमेज लिमिटेड या गटात बेसवादक जाह वॉबलने हीच वाट पकडली आणि गिटारला पार कडेला बसवले.

भाच्यासाठी इतिहासापेक्षा एक प्रयोग सुचवतो. तालमीत एकच गाणे दोनदा ध्वनिमुद्रित करा, एकदा त्याच्यासह आणि एकदा त्याच्याशिवाय, आणि दोन्ही हेडफोनवर चौघांना ऐकवा. कोणते कोणते आहे, हे आधी सांगू नका.

धागाकर्त्याचे उत्तर

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. मी खरोखरच मोबाइलवर ऐकत होतो, हे कबूल करायला हवे. हेडफोन लावून 'ॲनार्की' आणि त्याच्या आधीचे गाणे पाठोपाठ ऐकले. तिसऱ्या वेळी मॅटलॉकच्या पायऱ्या सापडल्या आणि त्यानंतर जोन्सची बेसही गिटारच्या खाली थोडी अलग दिसू लागली. डग्ग्याची उपमा मला तत्काळ लागू पडली.

ध्वनिमुद्रणाचा प्रयोग रविवारच्या तालमीत झाला. बेस नसलेले मुद्रण लागताच ड्रमवाला म्हणाला की आपली गिटार आज पत्र्यासारखी का वाजते आहे. दोन्ही गिटारवाले आधी आपापल्या ॲम्प्लिफायरची बटणे तपासून आले. भाचा गप्प होता, पण परतीच्या वाटेवर त्याने 'पोलिस अँड थीव्हज' बसवण्याचा विषय स्वतःहून काढला.

आता एकच शंका राहिली आहे. वेगवान गाण्यांत तो सर्व आघात पिकने (तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने) वरून खालीच मारतो, कारण खाली-वर मारले की जोर कमी पडतो असे त्याचे म्हणणे आहे. परंतु तिसऱ्या गाण्यापर्यंत त्याचे मनगट दुखू लागते. पिक जाड घ्यावी, पट्टा लांब करून बेस खाली घेतली आहे ती वर घ्यावी, की काही दिवस वेग कमी करून सराव करावा? इथे कोणी प्रत्यक्ष बेस वाजवणारे असतील तर त्यांनी कृपया सांगावे. पुढची तालीम शनिवारी आहे.