धोंड्यालाच वय विचारायचं
हिमोढांचं, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांचं, वय कार्बन १४ ने काढतात, असं म्हणतात. काढतात, पण त्याला लाकूड नाहीतर पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) लागतं, आणि गोमुखाच्या, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाच्या, वर आहे काय, नुसते दगडधोंडे! शिवाय साधारण ५० हजार वर्षांपलीकडे ते चालत नाही. म्हणून धोंड्यालाच वय विचारतात. हिमनदीने तो कडेला टाकला की उघड्या माथ्यावर अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा मारा सुरू होतो आणि दगडातल्या क्वार्ट्झ या खनिजामधल्या ऑक्सिजनपासून बेरिलियम १० हे किरणोत्सारी मूलद्रव्य साठत जातं. छिन्नीने वरची दोन-तीन सेंटीमीटरची कपची काढायची, प्रयोगशाळेत या बेरिलियमचे अणू मोजायचे; जितके जास्त, तितका धोंडा जास्त काळ उघड्यावर.

गोम आहे ती धोंडा निवडण्यात. गोमुखाच्या वाटेवरच्या भोजबासाजवळ मी ज्याला टेकून चहा प्यायलो तो अर्धा मातीत होता. असला धोंडा उशिरा उघडा पडलेला असला तर वय चोरतो! म्हणून एकाच हिमोढाच्या धारेवरचे चार-पाच तरी तपासतात.