राक्षसांच्या ओसाडीत एकटा म्युटंट आणि गळ्यात पडलेली पोरं : त्याचं 'नको' खरं की नाटकी?

घुबड

सूत्र सगळ्यांना तोंडपाठ आहे. जग बुडालेलं, जमीन करपलेली, अंधार पडला की राक्षस बाहेर. त्यात एक जण एकटा भटकतोय. पुरता माणूसही नाही, रक्तात कुठेतरी बिघाड झालेला. कोणाशी देणंघेणं नाही. मग कुठल्यातरी पडक्या भिंतीआडून दोन-चार पोरं निघतात आणि त्याच्या गळ्यात पडतात. तो गुरगुरतो, "मी कुणाचा बाप नाही." पाच पानांत तो बाप झालेला असतो.

मला हे 'नको' धादांत खोटं वाटतं. लेखक त्याला नाही म्हणू देतो, पण त्या नाहीवर एकदाही वागू देत नाही. तो खरोखर निघून गेला, दोन रात्री लांब राहिला आणि परत आला तेव्हा एक पोर कमी होतं, असं कोणी लिहितं का? लिहिलं तर पुढचं प्रत्येक पाऊल जड होईल. आत्ता त्याचा नकार म्हणजे लग्नात आग्रह व्हावा म्हणून आधी 'पोट भरलंय' म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा आहे.

दुसरी तक्रार पोरांबद्दल. त्यांना कथेत एकच काम असतं, या दगडाला पाझर फोडायचं. ती चोरत नाहीत, चावत नाहीत, नको त्या वेळी रडत नाहीत. मोठाले डोळे करून बघतात, बस.

हे प्रकरण नीट लिहिता येतं, याचा पुरावा आहे. १९७० साली सुरू झालेल्या 'लोन वुल्फ अँड कब' या जपानी चित्रमालिकेत बाप आपल्या रांगत्या मुलापुढे चेंडू आणि तलवार ठेवतो. मुलाने चेंडू उचलला तर बाप त्याला मारून मेलेल्या आईकडे पाठवणार, तलवारीला हात लावला तर बरोबर नेणार. मूल तलवारीकडे जातं. पान उलटताना हात थबकतो, कारण ते चेंडूकडेही जाऊ शकलं असतं. आपल्या म्युटंटसाहेबांच्या गोष्टीत चेंडू कधी ठेवलेलाच नसतो.

वाकडी रेघ

सपशेल असहमत. तुम्ही 'नको' ऐकलंत, 'का नको' ऐकलंच नाहीत.

साधा एकलकोंडा आणि म्युटंट एकलकोंडा यांत फरक आहे. साध्याला माणसं नकोशी झालेली असतात. म्युटंटला आपल्या शरीराची खात्री नसते. झोपेत आपण काय करू, रक्त दिसलं की आत काय जागं होईल, आपल्या वासावर राक्षस येतात की आपल्यामुळे लांब राहतात, यातलं त्याला काहीच ठाऊक नाही. अशा माणसाने पोरांपासून चार हात लांब राहणं याला मी शहाणपण म्हणते. नाटक कसलं त्यात?

आणि उलट बाजू बघा. कायदा, शाळा, नातेवाईक, काही उरलेलं नाही अशा जगात "द्या ती पोरं माझ्याकडे" असं उत्साहाने कोण म्हणतं? गुलाम विकणारा. टोळीत भरती करणारा. नवा धर्म काढलेला बाबा. तिथे हात आखडता घेणारा हाच त्यातल्या त्यात विश्वासाचा.

पोलिश लेखक आंजेय सापकोव्स्कीने १९८६ पासून लिहिलेल्या 'विचर'कथांमधला राक्षस मारणारा नायक घ्या. तो असा जन्मलेला नाही. लहान पोरांना विषारी काढे पाजून, त्यांची शरीरं बदलून असे शिकारी घडवले जातात, आणि बहुतेक पोरं त्यात मरतात. म्हणजे हा रक्षक स्वतःच कोणी न वाचवलेलं पोर आहे. त्याच्या तोंडी 'मी कुणाचा बाप नाही' आलं तर मला त्यात लाडिकपणा दिसत नाही. मोठी माणसं पोरांचं काय करतात हे त्याने अंगावर घेतलेलं आहे.

घुबड

कारण उत्तम आहे. पण ते पानावर कुठे दिसतं? वाईट स्वप्न पडतं, घाम फुटतो, पोर पांघरूण घालतं. झालं. शरीराची एवढी भीती आहे तर झोपण्याआधी स्वतःला बांधून घेताना दाखवा ना. गाठ पोरांना मारायला लावा, आणि ती सोडवायची नाही हेही त्यांनाच सांगा.

अणुरेणू

मधेच बोलतो, कारण 'रक्तात बिघाड' वाचलं की माझ्या कपाळावर आठी येते.

किरणोत्सर्गाने उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांत बदल, होतं, हे खरं. हर्मन मुलरने १९२७ साली क्ष-किरणांनी फळमाश्यांमध्ये ते घडवून दाखवलं, त्याबद्दल त्याला १९४६ चं नोबेल मिळालं. पण त्याला दिसलेले बदल त्या माश्यांच्या पुढच्या पिढ्यांत होते. धडधाकट मोठ्या माणसावर किरणांचा मारा झाला तर त्याला आजारपण येतं, पुढे कर्करोग होऊ शकतो. त्याला नखं आणि अंधारात बघणारे डोळे फुटत नाहीत. आणि म्युटंट कोण, असं विचाराल तर तुम्ही आणि मी. प्रत्येक नवजात बाळात आईबापांत नसलेली साधारण ६० ते ७० नवी उत्परिवर्तनं असतात. बहुतेकांचा काही परिणाम होत नाही.

तरीही ही कल्पना मी मोडीत काढणार नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या पुढे जन्मलेल्या मुलांची दशकानुदशकं तपासणी झाली आहे. आनुवंशिक दोष वाढल्याचा स्पष्ट पुरावा सापडलेला नाही. पण वाचलेल्यांना लग्नात आणि नोकरीत वगळलं गेलं ते गेलंच. लोक त्यांच्या रक्ताला घाबरले. गोष्टीतल्या म्युटंटचा एकटेपणा तिथून घेतला तर खरा वाटेल. तो स्वतःहून वेगळा राहिलेला नाही, त्याला वेशीबाहेर काढलंय. मग त्याचा नकारही वेगळा ऐकू येतो. पोरांच्या अंगाला माझा डाग लागेल, उद्या एखादी वस्ती सापडली तर त्यांनाही आत घेणार नाहीत, ही त्याची धास्ती असणार.

आडदांड

माझा प्रश्न बाळबोध आहे. ओसाड जमिनीत एवढे राक्षस जगतात कशावर? अन्नसाखळीत एका पायरीवरून वरच्या पायरीवर ढोबळमानाने १० टक्के ऊर्जा पोचते. गवत नाही, हरणं नाहीत, आणि हत्तीएवढे मांसाहारी मात्र दर टेकडीमागे. चार पोरं खाऊन त्यांचा किती दिवस निभाव लागणार?

घुबड

@आडदांड, म्हणूनच तर ते इतके चिडलेले असतात.

पायपीट

नकार खरा की खोटा, यावर दोघेही भांडताय. मला 'एकटा' हाच शब्द खोटा वाटतो. एक मूल असेल तर कसंबसं चालेल. विषयात 'पोरं' आहेत, एक पोर नाही, म्हणून आठ धरू.

पाणी घ्या. आपत्तीच्या छावण्यांत मदतसंस्था नुसत्या पिण्यासाठी आणि खाण्यातून मिळून दर माणशी दिवसाला अडीच ते तीन लिटर धरतात. आठ पोरांचे चोवीस लिटर, म्हणजे चोवीस किलो. त्यात तो स्वतः आला नाही, धुणं-पुसणं आलं नाही. हे कोण उचलणार? म्युटंट उचलेल म्हणा, ताकद आहे. मग भाला कुठल्या हातात धरणार? डबक्याचं पाणी उकळायचं तर जाळ हवा, जाळ म्हटला की धूर, आणि धूर राक्षसांनाही दिसतो. न उकळता पाजलं तर तिसऱ्या दिवशी दोन पोरं हगवणीने आडवी. मग ती दोन उचलायची, आणि पाणी वेगळं.

आता रात्र. सतरा तास सलग जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हालचाली थोडी दारू प्यायलेल्याइतक्या ढिल्या होतात, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. म्युटंट म्हणून दुप्पट द्या त्याला. तिसऱ्या रात्री तोही पेंगणार. म्हणजे पहारा कोणीतरी घ्यायला हवा, आणि तिथे पोरांशिवाय कोणी नाही. दहा वर्षांची मुलगी दगडावर बसून अंधाराकडे बघतेय. तिच्या मांडीवर सर्वांत धाकटा, त्याला खोकला झालाय. राक्षस आवाजावर येतात. प्रत्येक उबळीला ती त्याचं तोंड आपल्या पोटाशी दाबते, आणि किती वेळ दाबायचं याचा अंदाज तिला आता आलाय. मला ही मुलगी वाचायची आहे. तो कोपऱ्यात घोरत पडला तरी चालेल.

आणि पोरं एकमेकांना सांभाळतात, ही काही माझ्या मनची गोष्ट नाही. १९४५ साली तेरेझिनच्या नाझी छळछावणीतून वाचलेली, आईबाप मारले गेलेली सहा पोरं इंग्लंडला आणली होती. वयं तीनच्या आगेमागे. बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड आणि तिची सहकारी सोफी डॅन यांनी १९५१ साली त्यांच्यावर लिहिलंय. ती मोठ्यांवर थुंकायची, चावायची, खेळणी मोडायची. पण आपसांत एकालाही मागे सोडायची नाहीत. फिरायला गेल्यावर एक मागे राहिलं की बाकीची पुढे जायला तयार नसत. खाऊ वाटताना आधी दुसऱ्याला मिळाला का ते बघायची.

आता आपल्या कथेतलं मोठाले डोळे करून बघणारं पोर आठवा.

वाकडी रेघ

मुलगी मान्य, घोरणारा मान्य नाही.

अ‍ॅना फ्रॉइडचंच काढलंय तर तिचं आधीचं कामही घ्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ती आणि डोरोथी बर्लिंगहॅम मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवत होत्या. त्यांचं निरीक्षण असं की आपलं माणूस जवळ असेल तर मुलं बाँबहल्लेही बऱ्यापैकी झेलतात. त्या माणसापासून तोडलं की मात्र ती कोसळतात, मग भले कितीही सुरक्षित जागी नेऊन ठेवा. म्हणजे तेच एक माणूस रोज तिथे असणं, याला भाल्याइतकीच किंमत आहे. तुमची ती सहा पोरंही मोठ्यांना कायमची झिडकारून राहिली नाहीत. हळूहळू त्यांनी सांभाळणाऱ्या बायकांनाही आपल्यात घेतलं. आधी चावून मग घेतलं, पण घेतलं.

म्हणून मला तो जागा हवा आहे. पोरांना तो आवडतो की नाही, हा प्रश्न नंतरचा. सकाळी उठल्यावर तो अजून तिथे आहे का, हे त्यांनी रोज बघायचं. आणि असेल का, याची त्यालाही खात्री नसायची. घुबडराव, तुमच्या चेंडू आणि तलवारीचा ताण हवाय ना? तो असा रोज सकाळी मिळेल. त्यासाठी पोर मारायची गरज नाही.

अणुरेणू

+१. फक्त तो दिसायला देखणा नको. चेहऱ्यावर एक शोभिवंत व्रण आणि 'लोक मला घाबरतात' म्हणे.

घुबड

पोर मारा, हे मी चवीसाठी म्हटलेलं नाही. नकाराची किंमत कोणाला तरी मोजावी लागली पाहिजे, एवढंच. आत्ता ती कोणीच मोजत नाही.

राक्षस, पोरं आणि रक्षक हे तिघं एकाच जागी असलेली आपली सर्वांत जुनी गोष्ट बकासुराची. एकचक्रा नगरीत दर घराची पाळी लागलेली, गाडाभर अन्न आणि वर एक माणूस. ब्राह्मणाच्या घरी पाळी येते. आईबाप, मुलगी, 'मी जातो', 'मी जाते' म्हणून रडतायत. तेवढ्यात बोबडं बोलणारा धाकटा मुलगा हातात गवताची काडी घेऊन येतो आणि म्हणतो, याने मी राक्षसाला मारतो. घर रडता रडता हसतं. त्या पोराला तिथे कुणाच्या दगडी काळजाला पाझर फोडायला आणलेलं नाही. ते आपल्या परीने लढायलाच निघालंय. आणि भीम? नको-बिको काही नाही. राक्षसासमोर बसून त्याच्याच वाटणीचं अन्न खातो. रक्षक असा लिहिला तरी गोष्ट हजारो वर्षं टिकते, मग आजच्याला पाच पानं कुथायला का लावायचं?

वाकडी रेघ

भीमाला कुंतीने पाठवलं. त्यावर धर्मराज तिच्याशी वादही घालतो, हे गाळलंत. नको म्हणणारा त्या गोष्टीतही आहे, फक्त तो गाड्यावर बसलेला नाही.

आणि भीम मजेत जाऊ शकतो, कारण मागे आई आहे, चार भाऊ आहेत. मेला तर रडणारं कोणी आहे, जिंकला तर जेवायला वाढणारं कोणी आहे. आपल्या म्युटंटमागे कोण आहे? त्याला पाठवणारी कुंती नाही, अडवणारा धर्म नाही. दोन्ही बाजूंनी त्यालाच बोलावं लागतं. त्याचं 'नको' आणि त्याचं जाणं एकाच तोंडातून येतं, म्हणून तुम्हाला ते नाटकी ऐकू येतंय.

पायपीट

त्याला अडवणारं कोणी हवंय? पहाऱ्यावरची ती दहा वर्षांची मुलगी आहे की. तो रात्री गुपचूप निघाला तर सगळ्यांत आधी तिलाच दिसणार. ती ओरडू शकत नाही, राक्षस आवाजावर येतात. खोकणारं पोर मांडीवर आहे, म्हणून उठूही शकत नाही. तिने काय करावं, हे लिहा कोणीतरी.

आडदांड

खडा मारावा.

घुबड

नेम चुकला तर खडा वाजणार.