वस्तूंच्या छायाचित्रांसाठी स्वस्त पार्श्वभूमी : आपले अनुभव

बडोद्यात घरून वस्तू विकणाऱ्यांनी छायाचित्र काढताना वस्तूच्या खाली आणि मागे काय अंथरले, त्यातले काय फसले व काय उपयोगी पडले, हे सविस्तर सांगावे, ही विनंती. प्रारंभ मी करते.

मी दांडिया बाजारात राहते आणि बाळांची दुपटी, झबली शिवते. पहिली छायाचित्रे मी फुलाफुलांच्या चादरीवर काढली आणि त्या गर्दीत माझे टाके हरवून गेले. मग पांढरा चार्ट पेपर आणला, त्याचे वरचे टोक भिंतीला चिकटवले आणि उरलेला कागद घडी न पाडता गोलाईने टेबलावर उतरू दिला. त्यामुळे भिंत आणि टेबल यांमधली रेघ नाहीशी झाली. तरीही कागद राखाडी दिसे. कॅमेरा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजेडाचे धरून चालतो, म्हणून पांढरे जास्त असले की तो चित्र गडद करतो, हे समजल्यावर मी फोनच्या पडद्यावरून चित्राचा उजेड थोडा वाढवू लागले. कागद नेहमी गुंडाळूनच ठेवावा.

पितळी समया आणि निरांजने विकणारे, रावपुरा :
घासलेल्या पितळेत समोरचे सगळे उमटते. समईच्या दांड्यात माझा लाल सदरा स्पष्ट दिसत होता. काळ्या मखमलीवर प्रत्येक तंतू आणि धूळ दिसू लागली. शेवटी सुताराकडे उरलेला गडद करड्या सनमायकाचा तुकडा मागून घेतला. तो मॅटच हवा, कारण चकचकीत तुकड्यावर समईखाली दुसरी उलटी समई दिसते. खिडकीला पातळ पांढरा पडदा आणि दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा पत्रा ठेवला की पितळेवरचे भडक डाग निवळतात. थर्मोकोल मिक्सरच्या खोक्यातला आहे, त्यासाठी काहीच खर्च आला नाही.

साड्या विकणाऱ्या, मांडवी :
मोतिया रंगाची चंदेरी मी लाल सतरंजीवर ठेवून टिपली. सतरंजीचा रंग उजेडाबरोबर साडीवर पडला, ती चित्रात गुलाबीसर दिसली आणि घेणाऱ्या ताईंनी परत पाठवली. त्यांचे म्हणणे योग्यच होते, आणि मला त्याचे फार वाईट वाटले. आता मी धुऊन इस्त्री केलेला मांजरपाट वापरते. तो झळकत नाही आणि साडीला आपला रंग देत नाही. अ‍ॅमेझॉनवर मात्र मुख्य चित्राला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, तेथे कागदच घ्यावा.

संखेड्याचे लाखकामाचे छोटे चौरंग विकणारा :
मी गच्चीवरच्या कोटा फरशीवर, सावलीत, सकाळी छायाचित्रे काढतो. लाखेच्या तांबड्या-सोनेरी नक्षीला तो करडा-हिरवा दगड शोभतो. पावसाळ्यात घरात काम करावे लागते आणि दमट हवेने चार्ट पेपरला लाटा पडतात, म्हणून तेव्हा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका ताठ फलक, वापरतो.