अलाइन अख्खंच्या अख्खं पुढच्या पानावर जातं, मागे अर्धं पान कोरं

प्रश्न:
प्रबंध लाटेकमध्ये (गणिती मजकूर छपाईसाठी जुळवणारी प्रणाली) आहे. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात अलाइनमध्ये (अनेक ओळींची समीकरणं एका रेषेत मांडणारी रचना) चौदा ओळींची सिद्धता आहे. पानावर जागा असूनही ती सगळी पुढच्या पानावर उडी मारते. मागे उरलेले परिच्छेद मग पान भरायला रबरासारखे ताणले जातात, ते वेगळंच! जागोजागी न्यूपेज (नवं पान सुरू करणारी आज्ञा) टाकायचं नाहीये. गाइड दर भेटीत एखादा परिच्छेद वाढवायला सांगतात आणि सगळं पुन्हा हलतं. कायमचा उपाय आहे का?

उत्तर:
एएमएसमॅथ (अलाइन पुरवणारं लाटेकचं पॅकेज) हे मुद्दाम करतं. अलाइनच्या दोन ओळींमधली पेनल्टी (तिथे पान तोडण्याचा दंड) ते १०००० ठेवतं, आणि टेकच्या (लाटेकच्या मुळाशी असलेली प्रणाली) हिशेबात १०००० म्हणजे सक्त मनाई. प्रीअँबलमध्ये (फाइलचा मजकुराआधीचा भाग) अलाउडिस्प्लेब्रेक्स लिहा. चौकटी कंसात १ ते ४ आकडा देता येतो. १ म्हणजे शक्यतो तोडू नको, ४ म्हणजे खुशाल तोड. काहीच दिलं नाही तर ४. मी १ वर ठेवतो. दोन ओळी एकत्रच राहायला हव्यात तर मधल्या दुहेरी बॅकस्लॅशला तारा जोडा. ताणलेल्या परिच्छेदांसाठी रॅगेडबॉटम लिहा, मग पान भरायला ते ताणले जात नाहीत.

प्रश्नकर्ता:
तिसरं प्रकरण मार्गी लागलं, आभार. पाचव्यात मात्र ढिम्म फरक नाही. तिथे इक्वेशनच्या (एकच क्रमांक असलेलं समीकरण) आत स्प्लिट (ते अनेक ओळींत मांडणारी रचना) आहे. शिवाय एका ठिकाणी समीकरण पानाच्या तळाला आणि ‘जिथे म्यू म्हणजे…’ हे वाक्य पुढच्या पानावर.

दुसरं उत्तर:
स्प्लिट, अलाइन्ड, गॅदर्ड हे सगळे अखंड बॉक्स. त्यांच्या आत पान तुटूच शकत नाही, अलाउडिस्प्लेब्रेक्स कितीही ओरडून सांगा. अलाइन वापरा आणि क्रमांक नको त्या ओळींना नोटॅग लावा.

‘जिथे’चं कारण वेगळं. समीकरणाआधीची प्रीडिस्प्लेपेनल्टी १०००० असते, नंतरची पोस्टडिस्प्लेपेनल्टी ०. म्हणून आधी पान तुटत नाही, नंतर बिनदिक्कत तुटतं. त्या एका इक्वेशनच्या आतच पोस्टडिस्प्लेपेनल्टी १०००० करा, सगळ्या प्रबंधाला लावू नका. आणि सोर्समध्ये समीकरणाच्या वर रिकामी ओळ सोडत असाल तर ती काढा. तिने परिच्छेद संपतो, आणि नेमक्या त्या फटीत पान तुटू शकतं.

पहिला उत्तरकर्ता:
रिकाम्या ओळीचा मुद्दा लाखमोलाचा. एक पुरवणी: एखादा हट्टी अलाइन उरलाच तर दुहेरी बॅकस्लॅशच्या आधी डिस्प्लेब्रेक लिहा, पान तिथेच तुटेल. पण ते गाइडच्या शेवटच्या दुरुस्त्या झाल्यावर.