शब्दचर्चा: पायथन मराठीतून शिकवताना ‘कॅरेक्टर’ला अक्षर म्हणावं का?

अर्धविराम:
पायथनवर, म्हणजे संगणकाला कामं सांगायच्या एका भाषेवर, एक छोटी पुस्तिका मराठीत लिहिते आहे. वाचक असे, की ज्यांनी आजवर कोडची एक ओळही लिहिलेली नाही, पण ज्यांचं काम रोज कुठेतरी अडतं. सोसायटीची थकबाकी यादी, मोबाइलमधल्या फोटोंची नावं बदलणं, वर्गाची हजेरी, सभासदांची नावं अकारविल्हे लावणं. संगणकशास्त्र शिकवायचं नाही. अडचण काय आणि चार ओळींत ती कशी सुटते, एवढंच.

शब्दांपाशी घोडं अडलंय. कच्चा मसुदा असा: व्हेरिएबल म्हणजे चल, स्ट्रिंग म्हणजे अक्षरमाला, कॅरेक्टर म्हणजे अक्षर, लूप म्हणजे आवर्तन, फंक्शन म्हणजे फलन, एरर म्हणजे त्रुटी. ‘स्क्रिप्टिंग लँग्वेज’चं एका भाषांतरयंत्राने ‘लिपी भाषा’ केलं, ते अर्थातच सोडून दिलं. सुचवा.

निवृत्त फळा:
‘स्क्रिप्ट’ तशीच राहू द्या. नाटकाच्या स्क्रिप्टला आपण संहिता म्हणतो आणि अर्थही जवळचा आहे: वरून खाली एकेक ओळ घ्यायची आणि तसं वागायचं. पण कोडलाही लोक संहिताच म्हणतात, म्हणजे पुन्हा घोळ. ‘स्क्रिप्ट चालवली’ हे आता मराठी वाक्य झालेलं आहे.

‘आवर्तन’ चुकीच्या जागी बसवलंत. समेपासून समेपर्यंत होतं ते एक आवर्तन. म्हणजे हा शब्द एका फेरीचा आहे, फेऱ्या घडवणाऱ्या ओळींचा नव्हे. ‘लूपची दहा आवर्तनं झाली’ चालेल, ‘इथे आवर्तन लिहा’ चालणार नाही. मी वर्गात लूप आणि फेरी अशी जोडी वापरत असे. ‘यादीतलं एकेक नाव घे आणि...’ असं म्हटलं की फॉर-लूपची व्याख्या द्यावी लागत नाही. ‘एकेक’मध्ये ती आलेलीच असते.

‘चल’ला मात्र माझा ठाम विरोध. दहावीच्या बीजगणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ शिकून आलेल्याला चल म्हणजे शोधून काढायची गोष्ट वाटते. पायथनमध्ये शोधायचं काही नाही, किंमत आपणच देतो. ‘एकूण = एकूण + १’ ही ओळ पाहिली की तो दोन्हीकडून एकूण काढून टाकतो आणि ‘शून्य बरोबर एक कसं?’ असं विचारतो. त्याचं गणित चोख आहे. आपला शब्द चुकलाय.

दोन ओळींत:
शिवाय ‘चल, आता एक चल तयार कर’ म्हटल्यावर वर्ग आवरत नाही.
फलनाचंही तेच, अर्ध्या लोकांना फळबाग आठवते. फंक्शन ठेवा.

पोटापुरता कोड:
वरच्या ओळीत खरा गुन्हेगार ‘=’ चा उच्चार आहे. आपण ते ‘बरोबर’ असं वाचतो आणि मराठीत ‘बरोबर’चे अर्थ दोन: सारखं आणि अचूक. पायथनमध्ये एक बरोबरचिन्ह किंमत ठेवण्यासाठी, दोन बरोबरचिन्हं सारखेपणा तपासण्यासाठी. एकाला ‘आता’ म्हणून वाचायला लावा: ‘एकूण आता एकूण अधिक एक’. दोनाला ‘सारखं आहे का?’. बीजगणिताचं भूत तिथल्या तिथे उतरतं.

एररबद्दल: त्रुटी म्हणा, चूक म्हणा, पण त्या त्या एररचं मूळ नाव सोडू नका. पडद्यावर ‘व्हॅल्यू एरर’, ‘नेम एरर’, ‘इंडेंटेशन एरर’ हेच येणार आणि शोधायला जाल तेव्हा तेच शब्द टाकावे लागणार. ‘मूल्यत्रुटी’ शोधून कुणाला काही सापडायचं नाही. त्याऐवजी एक सवय शिकवा: तांबड्या अक्षरांचा ढीग आला तर सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची. कारण तिथे असतं. वरच्या ओळी फक्त ‘कुठून कुठे गेलो’ ते सांगतात.

समासातला मी:
इंडेंटेशनला ‘समास’ का नको? वहीत डावीकडे समास सोडायची सवय आपल्याला पहिलीपासून. ‘या तीन ओळी एकाच समासात हव्यात’ हे वाक्य मी स्वतः वापरतो. टॅब आणि स्पेस मिसळले तर दिसायला समास सारखा आणि पायथनच्या लेखी वेगळा, हेही सांगायला सोपं जातं.

निवृत्त फळा:
समास उत्तम. व्याकरणातला द्वंद्व-तत्पुरुष कुणाला आठवला तर आठवो.

पोटापुरता कोड:
आता शीर्षकातला प्रश्न, कारण बाकी शब्द चुकले तर वाचक फार तर हसेल. ‘अक्षर’ चुकलं तर त्याचं उत्तर चुकेल.

पायथनमध्ये लांबी मोजणाऱ्या ‘लेन’ला ‘मराठी’ हा शब्द द्या, ५ मिळतात. आपण मोजतो तीन. ‘लक्ष्मी’चे ७ येतात, आपल्या लेखी दोन. ‘स्त्री’ तर एकाक्षरी शब्द, आणि पायथन सांगतो ६. तो खोटं बोलत नाहीये. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी ती सहा चिन्हं आहेत आणि तो तीच मोजतो. पुस्तिकेत ‘लेन अक्षरं मोजतं’ असं लिहिलंत, तर अभंगाच्या चरणात ६-६-६-४ अक्षरं बसतात का हे तपासायला कुणीतरी स्क्रिप्ट लिहील आणि ‘ध्यान’ या दोन अक्षरांचे ५ पाहून अभंगालाच दोष देईल.

व्यवहारात हे रोज आडवं येतं. नावाचं आद्याक्षर काढायचं म्हणून पहिलं ‘कॅरेक्टर’ घ्या: प्रल्हादचं ‘प’, ज्ञानेश्वरचं ‘ज’, श्रीधरचं ‘श’. मराठीत प्र., ज्ञा., श्री. असं लिहितात. शब्द उलटा करा: ‘मराठी’ची वेलांटी सगळ्यात पुढे एकटी लोंबकळते आणि ‘रा’चा काना ‘ठ’ला जाऊन चिकटतो. सगळ्यात गंमत ‘इज-अल्फा’ची, म्हणजे मजकुरात फक्त अक्षरंच आहेत का हे सांगणाऱ्या तपासणीची. ‘कमल’ पास होते, ‘मराठी’ नापास. कारण काना आणि वेलांटी ही युनिकोडच्या वर्गवारीत अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. फॉर्ममध्ये नाव तपासायला ही ओळ टाकली की कमल आत आणि बाकी निम्मा गाव बाहेर.

मजकुरात नमुने शोधणाऱ्या नेहमीच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्येही (मॉड्यूल म्हणजे तयार कोडचा संच) हेच. शब्द वेचून काढायचा सर्वपरिचित नमुना ‘मराठी’वर चालवा, ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हातात येतात.

अर्धविराम:
बापरे. मग कॅरेक्टरला ‘वर्ण’ म्हणू का?

निवृत्त फळा:
मुळीच नको, ते तर नेमकं उलटं होईल. व्याकरणात ‘क’ म्हणजे क् आणि अ, दोन वर्ण. युनिकोडमध्ये ‘क’ एकच चिन्ह. याउलट पायमोडका ‘क्’ हा एक वर्ण, आणि युनिकोडमध्ये तो क आणि हलन्त असा दोन चिन्हांचा. आपण स्वर मिळवून अक्षर पुरं करतो, युनिकोड अ गृहीत धरून हलन्ताने तो काढून घेतो. वर्ण म्हटलंत तर व्याकरण येणारा वाचक जास्त गोंधळेल.

वर ‘चिन्ह’ हा शब्द सहज येऊन गेलाच आहे. तोच घ्या. मोकळी जागाही मोजली जाते हे ‘चिन्ह’मध्ये बसतं, ‘अक्षर’मध्ये बसत नाही. ‘अक्षरमाला’ही काढा, मुळाक्षरांचा अर्थ तिला आधीच आहे. मी ‘मजकूर’ सुचवेन. अवतरणचिन्हांत ठेवलं की तो मजकूर, मग आत आकडे का असेनात.

दोन ओळींत:
मजकूर, +१.
‘इनपुट’मधून १२ आणि ५ घेऊन बेरीज १२५ येते, तेव्हा ‘तो मजकूर आहे, आकडा नाही’ एवढं सांगितलं की पुरतं.

कुणीही चालेल:
मला कळत नाही हा अट्टहास कशाला. शेवटी नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजीच लागतं. सुरुवातीपासून इंग्रजी शब्द घोकले तर पुढे त्रास वाचेल.

समासातला मी:
थकबाकी काढणाऱ्या सोसायटीच्या खजिनदाराला मुलाखत द्यायची नाहीये. शिवाय कीबोर्डवर जे टाइप करायचं ते सगळं इथे मूळ नावानेच ठेवलंय. वाद फक्त आपण जे समजावून सांगतो त्या वाक्यांचा आहे.

अर्धविराम:
खजिनदारांवरून आठवलं. देवनागरी आकडे पायथनला चालतात की नाही? एका ठिकाणी चालले, एका ठिकाणी एरर आला.

पोटापुरता कोड:
दोन्ही खरं. कोडच्या ओळीत थेट ‘दर = ५’ लिहिलंत आणि पाच देवनागरी असला, तर सिन्टॅक्स एरर. पण ‘४५००’ हा मजकूर ‘इंट’ला दिलात तर तो गुपचूप ४५०० हा आकडा करून देतो, आजूबाजूची मोकळी जागाही चालवून घेतो. ‘४,५००’ मात्र चालत नाही, स्वल्पविराम आधी काढावा लागतो. एक्सेलमधून आलेल्या याद्यांत नव्वद टक्के रडारड या स्वल्पविरामाची आणि रुपयाच्या चिन्हाची (टक्केवारी माझ्या मनाची).

डाव्या बाजूचं नाव देवनागरीत चालतं, पायथन ३ पासून. ‘थकबाकी’, ‘एकूण’ बिनधास्त ठेवा. नवख्याला त्यामुळे कोणता शब्द पायथनचा आणि कोणता आपला, हे रंगाशिवायही दिसतं. माझ्या मते या पुस्तिकेत तसंच करावं. दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलायचा वैताग आहे, तेवढा सोसावा.

आणि फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे चिन्हं फाइलमध्ये साठवायची पद्धत, ‘यूटीएफ-८’ असं स्पष्ट लिहायला लावा. विंडोजवर ते गाळलं तर बऱ्याचदा मराठी फाइल वाचतानाच एरर येतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) पुढे एक्सेलमध्ये उघडायची असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’, नाहीतर नावांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात.

अर्धविराम:
छान. मग चिन्हांवरून ‘आपली’ अक्षरं कशी मोजायची, हे नवख्याला सांगता येईल असं काही आहे का?

निवृत्त फळा:
नियम साधा आहे. एकेक चिन्ह घ्या. ते काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार किंवा हलन्त असेल, तर आधीच्या अक्षराला जोडा. आधीचं चिन्ह हलन्त असेल, तरीही जोडा. नाहीतर नवं अक्षर सुरू. ‘लक्ष्मी’वर करून पाहा: ल सुटा, मग क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी हे सगळं एका गाठोड्यात. दोन.

पोटापुरता कोड:
‘युनिकोडडेटा’ हे मॉड्यूल पायथनसोबतच येतं, त्यात प्रत्येक चिन्हाचा वर्ग मिळतो. जोडचिन्हांचा वर्ग ‘एम’ने सुरू होतो, काना-मात्रेपासून हलन्तापर्यंत सगळ्यांचा. म्हणजे मास्तरांच्या नियमाला सहा-सात ओळी पुरतात. दोन खाचखळगे आहेत. ‘अर्थात् तो’मध्ये हलन्तानंतर मोकळी जागा येते आणि नियम तिलाही ‘त्’ला चिकटवतो, तेव्हा आधी शब्द सुटे करा. दुसरा खड्डा दऱ्यांचा.

‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं चिन्ह आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, पायथनला विचाराल तर ‘सारखं नाही’. हजेरीत एकच ‘गोऱ्हे’ दोनदा येण्याचं कारण बहुतेक हेच. वरच्या नियमातही तो अदृश्य जोडक एक अक्षर जास्त मोजायला लावतो. ‘ॲ’चंही तसंच: एकसंध ॲ आणि ‘अ’वर ठेवलेला चंद्र, दिसायला जुळे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नेहमीचं ‘नॉर्मलाइझ’ यांतलं काहीच दुरुस्त करत नाही. ‘रिप्लेस’ने स्वतः एकाच तऱ्हेवर आणावं लागतं, आणि ते सगळ्यात आधी.

समासातला मी:
करून पाहिलं. लक्ष्मी २, स्त्री १, दऱ्या २. चाललं.
आता पुढचा प्रश्न. यादीचा क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ने ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर येतात. अकारविल्हे यादीत उलट हवं ना?

निवृत्त फळा:
हवंच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर. युनिकोडने त्याला ल आणि व यांच्या मध्ये बसवलंय.

पोटापुरता कोड:
सॉर्टला ‘की’ देता येते, म्हणजे नाव तेच ठेवून क्रम लावण्यापुरतं दुसरं रूप वापरायचं. त्या रूपात प्रत्येक ‘ळ’च्या जागी ‘हॿ’ टाका. हे दुसरं सिंधीचं चिन्ह मराठीत येत नाही आणि देवनागरीच्या तक्त्यात सगळ्यात शेवटी आहे. त्यामुळे ळ हा ह च्या सगळ्या बाराखडीनंतर जाऊन बसतो. कावळे, काशीद, कासार, काळे असा क्रम येतो, तपासा. क्षीरसागर ‘क’च्या शेवटी, ‘ख’च्या आधी येतील. त्यांना यादीच्या अगदी शेवटी न्यायचं की नाही हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा.