गावभर होणं आणि गळी उतरणं

व्हॉट्सॲपमुळं नवी गोष्ट आता एका दिवसात गावभर होते, असं म्हणतात. होते की, पण ती बातमी. अमेरिकेत आयोवाच्या शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, यावर रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांचा १९४३ चा अभ्यास आहे. बियाण्याची माहिती जवळपास निम्म्यांना आधी विक्रेत्याकडून कळली, पेरायचा धीर मात्र शेजाऱ्याकडं बघून आला. आमच्याकडं कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-करवीर पट्ट्यात उसाला ठिबक घेताना हेच चालतं. कंपनीचा माणूस चकचकीत पत्रक देऊन जातो, गडी बांधापलीकडच्या फडात शिरून कांड्या मोजतो आणि "एकरी टनेज किती पडलं?" एवढंच विचारतो.

शिवाय पटवणारा कोण, यालाही वजन असतं. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्यतेविरुद्ध हुकूम तर काढलेच. पण अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला पाठबळ देऊन स्वतः तिथं उघडपणे चहा घेतला, सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावला. हुकूम वाचणारे किती असणार? महाराजांच्या हातातला कप मात्र रस्त्यावरून दिसत होता. तरीही कित्येक गावांत हॉटेलातली दलितांसाठीची वेगळी कपबशी नंतर बरीच वर्षं टिकली, हेही विसरून चालणार नाही.