सेंद्रिय हळद निर्यात : काढणीनंतरच्या नोंदींबाबत मदत हवी आहे

नमस्कार. वसमत परिसरातील आमच्या शेतकरी गटाला एनपीओपी या केंद्र सरकारच्या सेंद्रिय प्रमाणीकरण कार्यक्रमाखाली रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे रूपांतरणाचा काळ पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळाले असून, यंदाची हळद जर्मनीला पाठवण्याचा विचार आहे. पीजीएस (शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेताची तपासणी करण्याची पद्धत) प्रमाणपत्र निर्यातीला चालत नाही, म्हणून आरंभापासून हाच मार्ग धरला. खरी अडचण काढणीनंतरची आहे : हळद शिजवण्याचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम गावभर भाड्याने फिरतात, त्यांत रासायनिक शेतीचा मालही येतो आणि त्याची पिवळी भुकटी ड्रमच्या जाळीला चिकटून राहते. अशा वेळी धुलाईची लेखी नोंद आणि छायाचित्रे तपासनिसांना पुरतात, की स्वतंत्र यंत्रे घ्यावीच लागतात? शिवाय ट्रेसनेट या सेंद्रिय मालाच्या नोंदींच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर व्यवहार प्रमाणपत्र (विकलेल्या खेपेचे सेंद्रिय प्रमाणपत्र) काढताना शिजवून वाळवलेली हळद प्रक्रिया केलेला माल धरतात का? युरोपीय संघाच्या सेंद्रिय मालाविषयीच्या २०१८/८४८ या नियमाखाली माल पाठवलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.